एका गुरुवारची दोन प्रस्थाने



नारदांच्या गादीवरून उतरून मला सहा वर्षे झाली. घसा बसला तो पुन्हा उठलाच नाही. कीर्तनात एक सोय असते. बुवांची ओळ चुकली किंवा श्वास सरला की मागचे टाळकरी चाल उचलून धरतात आणि बुवांना सावरायला वेळ मिळतो. कागदावर मागे कुणी उभे नसते. तेव्हा आज जे सांगायला बसलो आहे ते अडखळत सांगेन, आपण सांभाळून घ्यावे.

विषय माझ्या नातीचा आहे. मुलाची मुलगी. कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालयात तिने पदवी घेतली आणि पुढे पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन भाषा शिकू लागली. जर्मनच का, असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "आबा, तुम्ही चार वर्षं आळंदीला राहून ज्ञानेश्वरीच का शिकलात?" मला उत्तर सुचले नाही. १९६९ साली मी जोगमहाराजांनी स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत निघालो, तेव्हा माझ्या वडिलांनीही हेच विचारले होते. दोन म्हशी आणि सव्वा एकर ऊस टाकून कुठे चाललास, म्हणून. त्यांनाही मी उत्तर दिले नव्हते.

पोरीच्या गळ्यात बाराव्या वर्षी माळ घातली. त्याच्याही आधीपासून ती माझ्याबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी चालत आली आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, तिला शिष्यवृत्ती मिळाली. जर्मनीत फ्रायबुर्ग नावाचे शहर आहे, तिथल्या गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये आठ आठवडे भाषा शिकायची. महिने कोणते, तर जून आणि जुलै. त्यांचा तो उन्हाळा. आपली ती आषाढी.

मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. घरात सुतक पडल्यासारखे झाले. शेवटी आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "नामदेवराय पंजाबात घुमानला जाऊन राहिले, तेव्हा त्यांच्या वाऱ्या कोण मोजत होतं?" कीर्तनकाराच्या बायकोला त्याचे सगळे दृष्टांत पाठ असतात आणि ती ते त्याच्यावरच चालवते. हा दृष्टांत मी स्वतः पन्नास वेळा सांगितलेला. गप्प बसलो. निघताना पोरीने डोके पायावर ठेवले, तेव्हा एवढेच म्हणालो, "माळ सांभाळ."

तिकडून तिचे रोज बोलणे होई. फ्रायबुर्गची तिने जी वर्णने केली ती ऐकून मलाच हेवा वाटू लागला. गावातल्या जुन्या रस्त्यांच्या कडेने दगडी पन्हाळी आहेत आणि त्यांतून डोंगराचे स्वच्छ पाणी खळाळत वाहते. पोरे त्यांत होड्या सोडतात. चुकून ज्याचा पाय त्या पाण्यात पडेल त्याचे लग्न त्याच गावच्या माणसाशी होते, अशी तिथे म्हण आहे. हे ऐकल्यापासून आमच्या घरी रोजचा पहिला प्रश्न, "पाय घसरला नाही ना?" वर्गात कुठकुठली मुले होती, ब्राझीलची, तुर्कस्तानची, जपानची. ती ज्या बाईंच्या घरी राहत होती त्या सत्तरीच्या, एकट्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. मांस-मद्य चालत नाही म्हटल्यावर त्यांनी हसून शतावरीच्या कुळातले पांढरे जाड कोंब उकडून लोणी घालून वाढले. त्या दिवसांत तिकडे घरोघरी तेच खातात, आणि २४ जूनला, त्यांच्या संत योहानाच्या दिवशी, कोंब काढणे थांबवतात. त्याच सुमारास रात्री टेकड्यांवर होळ्या पेटतात. पुढे जुलैत तिथल्या मोठ्या चर्चभोवतीच्या चौकात द्राक्षाच्या दारूची जत्रा भरली. तिथेही ती मैत्रिणींबरोबर गेली. द्राक्षाचा रस प्यायली, गाणी ऐकली, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नाच शिकवला तो नाचली. मी विचारायचे ते विचारले. ती म्हणाली, "आबा, रसच. शपथ." मग मीच शरमलो, कारण शपथ घ्यायला लावणारा मीच होतो.

तिची एक अडचण मात्र मला फार आवडली. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. "हरिपाठ दिवेलागणीला म्हणायचा, तर मी जेवणाआधी म्हणू की जेवून?" हा प्रश्न आळंदीच्या चार वर्षांत आम्हांला कुणी घातला नव्हता. मी म्हटले, घड्याळ बघ, सूर्याच्या नादी लागू नकोस.

आता त्या गुरुवारकडे येतो.

१९ जून २०२५. ज्येष्ठ वद्य अष्टमी, आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान. गुरुवार असल्यामुळे त्या वर्षी प्रस्थान रात्री होणार होते. मी आदल्या दिवशीच मोटारीने आळंदीला पोहोचलो होतो. गुडघ्यांमुळे आता सगळी वाट चालवत नाही. प्रस्थानाला असतो, पुण्यापर्यंत जमेल तेवढे चालतो, मग मुक्कामामुक्कामाला गाडीने दिंडीला गाठतो. सकाळी इंद्रायणीचे स्नान करून धर्मशाळेत आलो, साडेआठ वाजले असतील, आणि पोरीचा फोन. तिथे पहाटेचे पाच. मला वाटले, काही विपरीत. तर म्हणाली, "आबा, फुलांना हात लावू का?"

ती त्या घरमालकीणबाईंच्या माहेरी आली होती. ह्यूफिंगेन म्हणून एक छोटे गाव आहे, फ्रायबुर्गहून आगगाडी काळ्या जंगलाचा घाट चढून तिकडे जाते. त्या गुरुवारी तिथल्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा मोठा सण होता. त्यांच्या ईस्टरपासून साठ दिवसांनी हा येतो आणि नेहमी गुरुवारीच येतो. त्या प्रांतात त्या दिवशी सुट्टी असते. सणाची हकिकत तिने मला नंतर सांगितली ती अशी. बेल्जियममधल्या लिएज गावाजवळ ज्युलियाना नावाची जोगीण होती. देवाच्या प्रसादाचा म्हणून वेगळा सण असावा असे तिच्या मनाने घेतले. तिला विरोध झाला, मठ सोडावा लागला, पण १२४६ साली लिएजच्या धर्माधिकाऱ्यांनी तो सण मान्य केला आणि १२६४ साली पोपने तो सगळीकडे लागू केला. तोवर ती बाई जाऊन सहा वर्षे झाली होती. मी मनात हिशेब केला. माउलींची ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे आपल्याकडे मुक्ताई-जनाई होत्या त्याच शतकात तिकडे ही बाई आपल्या देवासाठी भांडत होती. कीर्तनाला उभा असतो तर यावर अर्धा तास काढला असता. असो.

या सणाला मिरवणूक निघते. गव्हाच्या पिठाची पापडासारखी पातळ गोल वडी असते, त्यांचा धर्मगुरू तिच्यावर प्रार्थना करतो, आणि मग तीत साक्षात ख्रिस्त आहे असा त्यांचा भाव. किरणांच्या आकाराच्या सोनेरी पात्रात ती ठेवून, चार दांड्यांच्या छताखाली धर्मगुरू ती हातांत धरून चालतो. वाटेत चार ठिकाणी वेदी मांडलेली असते, तिथे थांबायचे, वाचन करायचे, आशीर्वाद द्यायचा, पुढे निघायचे. पुढे लहान मुले, मागे गाव, पितळी वाद्यांचा ताफा. आणि ह्यूफिंगेनचे विशेष असे की त्या वाटेवर फुलांचा गालिचा घालतात. त्या गावचे राइख नावाचे मूर्तिकार इटलीत राहून आले होते, तिकडचा प्रकार पाहून १८४२ साली त्यांनी तो आपल्या गावी सुरू केला. आपल्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पादुका पालखीत ठेवून आजचा सोहळा बसवला, तोही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच. हैबतबाबा आमच्या सातारा जिल्ह्यातले, हे वाचकांना ठाऊक आहेच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर पहाटे चारपासून अख्खे गाव रस्त्यावर गुडघे टेकून बसलेले. बारीक कातरलेले गवत, नेचाची पाने, रानातली पिवळी-पांढरी फुले, गुलाबी पाकळ्या. पोरे-बाळे दोन दिवस फुले गोळा करत होती, ती तळघरात गार जागी ठेवली होती. खडूने आकृत्या आखलेल्या आणि त्यांत फुले भरायची. कुणीतरी पोरीच्या पुढे पिवळ्या पाकळ्यांची टोपली ठेवली आणि काठाची वेल भरायला सांगितली. तेव्हा तिने मला फोन लावला.

मी म्हटले, "फुलांना हात लावायला कसली परवानगी? लाव." आणि फोन ठेवला. एवढ्या सहज बोललो की आपण काय बोललो हे मला दुपारपर्यंत कळले नाही. तुकोबारायांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. त्या पायघड्यांवर अनोळखी मुलीने धोतर अंथरले असते, तर मी तिला असेच सहज लाव म्हटले असते का? माउली, मी म्हटले नसते. हे मी अंदाजाने सांगत नाही.

आता एक्केचाळीस वर्षे मागे चला.

१९८४ चा आषाढ. मी तेहतिशीचा. आवाज होता, नाव होऊ लागले होते, त्याची थोडी धुंदीही होती. त्या काळात पुण्यात मराठी शिकायला परदेशी विद्यार्थी येत. हायडेलबर्गचे सोन्थायमर तर धनगरांबरोबर रानोमाळ हिंडून बिरोबा-खंडोबाचा अभ्यास करत होते, त्यांचे नाव आमच्याही कानावर होते. तशीच एक जर्मन मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, उन्हाळ्यापासून पुण्यात मराठी शिकत होती, ती कुणाच्या तरी ओळखीने आमच्या दिंडीत आली. पुण्याहून निघाली, दिवेघाट आमच्याबरोबर चढली. नऊवारी नेसली नव्हती, साधा सलवार-कुडता, डोक्याला पंचा. पायाला फोड आले तरी गाडीत बसली नाही. मसूरच्या एका बाईंनी तिला आपल्या शेजारी जागा दिली. त्या बाई तेव्हा पस्तिशीच्या असतील, डोक्यावर तुळस घेऊन चालत. त्यांच्याकडे ती भाकरी थापायला शिकली आणि हरिपाठाच्या पावल्याही.

सासवडच्या मुक्कामात संध्याकाळी हरिपाठाला ती बायकांच्या रांगेत उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात टाळ दिला होता. पावली बरोबर पडत होती. आणि मी, शेजारच्या टाळकऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालो, "गळ्यात माळ नाही, अन् हातात टाळ?"

यमक जुळले. लोक हसले. कीर्तनकाराला हशा मिळाला की काय होते हे कीर्तनकारच जाणतो. मी तिच्याकडे पाहिले नाही.

पण तिला मराठी येत होते, माउली. ती त्याचसाठी तर हजारो मैल आली होती. माझ्या वाक्यातला एकेक शब्द पहिल्या महिन्यात शिकवतात तसला. तिने अभंग संपेपर्यंत टाळ वाजवला, मग टाळांच्या पेटीजवळ गेली, दोन्ही झांजा दोरी गुंडाळून नीट आत ठेवल्या आणि मागच्या रांगेत जाऊन नुसती उभी राहिली. रात्री पंगतीत तिचे ताट मी तंबूत पाठवले. पाहुणी आहे, तिची अडचण नको, असे कारण दिले. चौथ्या दिवशी लोणंदला ती पुण्याच्या गाडीत बसून गेली. मी निरोपाला गेलो नव्हतो.

याला मी अज्ञान म्हणू शकत नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या, मोठ्या विदुषी होऊन परतल्या आणि पुढे आपल्या वारीत पायी चालल्या. 'परिपूर्ती' या त्यांच्या पुस्तकात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. एकाच दिंडीत जातीजातीने वेगळे जेवणे होत, याचे त्यांना झालेले दुःख त्यात आहे. तो लेख मी १९८४ च्या आधी वाचला होता. कीर्तनात त्याचा दाखलाही देत असे. श्रोते माना डोलवत, मीही डोलवत असे.

या गोष्टीचा मी कधी कुठे उच्चार केला नाही. सौभाग्यवतींनाही नाही.

त्या गुरुवारी रात्री प्रस्थान झाले. अश्व मंदिरात आले, टाळ-मृदंगाने देऊळवाडा भरून गेला, पालखी वीणामंडपातून निघाली. मी हैबतबाबांच्या पायरीपासून थोडा बाजूला, भिंतीला टेकून उभा होतो. दहा वाजून गेल्यावर गर्दीतून वाट काढत धर्मशाळेत परतलो आणि पोरीला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळचे साडेसहा-सात, लख्ख ऊन. ती नदीकाठी बसली होती. तिने सगळे प्रस्थान तिथे बसून फोनवर पाहिले होते.

"आबा, मी कुठं बसलेय सांगा." मी म्हटले, पंढरपुरात तर नाहीस. तर म्हणाली, "प्रीतिसंगमावर." ह्यूफिंगेनला ब्रेग नावाची नदी आहे. काही मैलांवर डोनाउएशिंगेनला तिला ब्रिगाख नावाची दुसरी नदी भेटते. दोघी त्याच काळ्या जंगलातून निघालेल्या, आणि त्यांच्या संगमापुढे नदीचे नाव होते डॅन्यूब, जी युरोपभर वाहत काळ्या समुद्राला मिळते. महाबळेश्वरहून दोन वाटांनी निघालेल्या कृष्णा आणि कोयना आमच्या कराडला समोरासमोर येऊन गळ्यात गळा घालतात, ते पाहत वाढलेली पोर ती. तिला बरोबर तीच जागा सापडायची.

मग तिने दिवसाची हकिकत सांगितली. मिरवणूक येईपर्यंत त्या गालिच्यावर कुणी पाऊल टाकत नाही. आधी धर्मगुरू ते पात्र घेऊन चालतो. तिने भरलेली वेल त्याच्या पायाखाली गेली तेव्हा तिला रडू आले, का ते सांगता येईना. तिच्या हाताची रांगोळी बघून शेजारच्या बायकांनी पुढच्या वेदीजवळची रिकामी जागाही तिलाच भरायला दिली होती. तिथे काय काढलेस, विचारले, तर म्हणाली, "कमळ. दुसरं काय येतं मला?" हे सांगून ती थांबली. त्या थांबण्यावरून मला कळले की अजून काही आहे.

मिरवणुकीच्या आधी चर्चमध्ये प्रार्थना होती. तीत शेवटी सगळे रांगेने पुढे जाऊन ती वडी प्रसाद म्हणून घेतात. पोर त्या बाईंच्या शेजारी बसली होती. रांग निघाली तशी तिने विचारले, "मी येऊ?" पहाटे चारपासून ती त्यांच्यात राबत होती, तिला वाटले विचारायचीही गरज नसावी. बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "नाही बाळ. हा ज्यांनी आमची दीक्षा घेतली आहे त्यांच्यासाठी. मला आवडलं असतं. पण तसा नियम आहे, आणि तो माझा नाही, म्हणून मी तो मोडूही शकत नाही." मग त्या उठल्या, रांगेत गेल्या, घेऊन परत आल्या आणि प्रार्थना संपेपर्यंत पोरीचा हात हातात धरून बसल्या.

"वाईट वाटलं का?" मी विचारले.

"वाटलं थोडं," ती म्हणाली. "पण त्यांनी मला सांगितलं ना, आबा. माझ्याकडे बघून सांगितलं."

मी फोन हातात धरून बसून राहिलो. शेजारी आमच्या दिंडीतले लोक पथाऱ्या पसरत होते. पोर "हॅलो, हॅलो" करत होती. मग मी तिला १९८४ चे सांगितले. माझ्या फुटक्या आवाजात, जसे घडले तसे, यमकासकट. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, फक्त पाण्याचा. शेवटी तिने विचारले, "तिचं नाव काय होतं?"

वाचकहो, मला नाव आठवेना. पुण्यापासून लोणंदपर्यंत ती मुलगी आमच्याबरोबर होती. मी तिला 'मडम' म्हणत होतो, तेही तिच्याशी बोलताना नव्हे, तिच्याविषयी बोलताना.

पुढे दिंडीत व्हायचे ते झाले. पोरीचा फुले भरतानाचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर आला आणि पुण्याच्या मुक्कामापर्यंत हातोहात फिरला. सासवडला एक जुने सोबती, माझ्याच वयाचे, चहा पिता पिता म्हणाले, "काय बुवा, नात बाटली म्हणायची का?" चार-पाच जण होते. सासवडच होते, वाचकहो, आणि हसण्याच्या तयारीत असलेली तोंडेही मला ओळखीची वाटली. मी म्हटले, "तिच्या गळ्यातली माळ फोटोत दिसतेय, बघा. आणि तिने प्रसाद मागितला तो तिला मिळाला नाही. बाटवायचंच असतं तर त्यांनी आधी तो दिला असता." ते म्हणाले, मग गेलीच कशाला? यावर माझ्याजवळ उत्तर होते, पण ते द्यायचे तर १९८४ चे सांगावे लागले असते, आणि चहाच्या टपरीवर ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आज इथे लिहितो आहे, ते अंक हातात पडल्यावर वाचतील. त्यांच्यावर माझा राग नाही. मीही तेच होतो, फक्त मला यमक जुळवता येत होते.

माळ नसलेल्याने टाळ धरावा की नाही, यावर आपल्यात दोन मते आहेत आणि माझे मत मी इथे मांडत बसत नाही. नियम असतील तर असावेत, त्या बाईंचाही होता. मला खुपते ते एवढेच, की त्या रात्री मी चार पावले चालत जाऊन त्या मुलीला म्हणू शकलो असतो, बाळ, आमच्यात असे आहे. मराठीतच म्हणायचे होते.

आषाढी एकादशीला, ६ जुलैला, पोरीने फ्रायबुर्गमध्ये उपास केला. उकडलेले बटाटे, फळे, दूध. घरमालकीणबाईंनीही तिच्याबरोबर केला. पण दुपारी चारला त्यांना भूक आवरली नाही आणि त्यांनी पाव खाल्ला. त्याची त्यांनी पोरीजवळ माफी मागितली. मी निरोप पाठवला की आमच्याकडेही दुपारी चारला पुष्कळांचे असेच होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोर घरी आली. तिने काय आणले, तर वहीच्या पानांत दाबलेल्या पिवळ्या पाकळ्या. आल्या दिवशीच विचारू लागली, "आबा, नाव आठवलं?" मी जुन्या वह्या काढल्या. कीर्तनाचे मुद्दे सापडले, त्या वर्षीचा दिंडीच्या शिध्याचा हिशेब सापडला, तेलाचे डबे किती आणि पीठ किती. नाव नाही. त्या वेळचे वीणेकरी गेले, व्यवस्था पाहणारेही गेले. मग मला मसूरच्या बाई आठवल्या.

कराडहून मसूर किती लांब, पण मला तिथे जायला पुढची एकादशी उजाडली. बाई आता शहात्तर-सत्त्याहत्तरच्या, पाठीतून वाकलेल्या, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून उठू लागल्या, मी बसा म्हटले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "त्या साली आपल्या दिंडीत जर्मनीची मुलगी आली होती, आठवते?"

"आठवंती की," त्या म्हणाल्या. शेंगा फोडायचे हात थांबले नाहीत.

"तिचं नाव काय हो?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले. "तवा न्हाई इचारलं. आता कशापायी इचारताय?"

मला काही बोलता येईना. त्यांनी दोन मुठी शेंगा फोडल्या, टरफले सुपात लोटली. मग म्हणाल्या, "टाळ म्याच दिलता तिला. माझा हुता. तुम्ही बोलला, तवा तो पेटीत ठिवून माझ्यापाशी आली आन् इचारलं, आई, माझं पाऊल चुकलं का? म्या म्हनलं, न्हाई गं." थोड्या वेळाने विचारले, "नात आली का परत?" मी म्हटले, आली. "मग तिला घिऊन या. तिला सांगते."

पुढच्या एकादशीला नातीला घेऊन गेलो. मला ओसरीवर बसवले, चहा दिला. त्या दोघी आत गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता, एकदा पावलीचा ठेकाही ऐकू आला. परतताना गाडीत मी दोनदा विचारले. नातीने खिडकीतून बाहेर बघत म्हटले, "आजींनी सांगितलंय, तुम्हांला सांगायचं नाही."

नातीने ते नाव त्या फुलांच्या वहीत लिहून ठेवले आहे. वही तिच्या कपाटात असते. मला अजून कुणी सांगितलेले नाही.